चांगल्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) बसवायचं कधी? बेसबॉलच्या एखाद्या मुरलेल्या मॅनेजरबद्दल सांगा

मैदानमाती (तासगाव तालुका)

नमस्कार मंडळी. मी तासगावच्या बाजूला एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. स्वतः खो-खो खेळले, विद्यापीठाच्या टीमपर्यंत. दोन वर्षांपूर्वी शाळेने बेसबॉलची टीम उतरवायचं ठरवलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. कारण उघड आहे. कबड्डी-क्रिकेटला जिल्ह्यात रांग लागते, बेसबॉलला टीमा कमी, एक-दोन मॅचेस मारल्या की पोरं विभागाला जातात, आणि दहावीच्या वाढीव गुणांकडे सगळ्या पालकांचा डोळा. नियम मी व्हिडिओ बघून शिकले. सामान म्हणाल तर बॅटी दोन, ग्लोव्ह सात, कॅचरचा, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू धरणाऱ्याचा, मास्क एक, तोही इतका मोठा की आमच्या कॅचरला आत टॉवेल कोंबावा लागतो.

अडचण दोन पोरांची आहे. एक दहावीतला, उंच. गेल्या वर्षी त्याच्या जिवावर आम्ही जिंकलो. यंदा त्याचा हात कुठे हरवलाय कोण जाणे, चार टाकतो तर चारही बाहेर, वॉकवर वॉक, म्हणजे समोरच्याला फुकटात पहिला बेस. वडील शाळेच्या समितीवर. दुसरा नववीतला, डावखुरा, आईवडील द्राक्षबागेत मजुरीला. हा सध्या आमचा सगळ्यात भारी पिचर. दोन दिवसांत तीन मॅचेस होत्या, तिन्ही मी त्यालाच टाकायला लावल्या. तिसऱ्या मॅचला तो कोपर धरून उभा राहिला तेव्हा मी त्याला काढलं, उंचाला आणलं, आणि आम्ही हरलो. मुख्याध्यापक म्हणाले, चाललेल्या गड्याला काढलाच का? समितीवाले म्हणाले, आमच्याला आधी का नाही उतरवला? दोघांनाही उत्तर देता आलं नाही.

पिचिंग कसं शिकवायचं याचे व्हिडिओ भरपूर आहेत, ते नकोत. मला असा एखादा मॅनेजर सांगा ज्याने वर्षानुवर्षं हेच केलंय. कुणाला बसवलं, कुणाला परत आणलं, चुकला तेव्हा काय झालं, असं सगळं.

गल्लीतला_सचिन (सांगली)

बाई, विजय हजारेंच्या सांगलीत बसून बेसबॉल विचारताय, धन्य आहे. त्या डावखुऱ्याला आमच्याकडे पाठवा, स्पिनर करतो. :)

(चेष्टा हं. वाचतोय, कुणीतरी नीट लिहा.)

निवृत्त_कंट्रोलर (सातारा)

मॅडम, बेसबॉल मी कधी खेळलो नाही. मी एसटीचा माणूस. सोळा वर्षं कंडक्टर, पुढं निवृत्तीपर्यंत कंट्रोलर. पण तुमचा प्रश्न वाचला आणि वाटलं, ही तर ड्युटी लावायची भानगड. हिच्यापायीच आपले केस पांढरे झाले.

२०२३ ला पोराकडं डॅलसला होतो सहा महिने. दिवसभर पोरगा-सून कामावर, पाय मोकळे करायला बाहेर पडावं तर रस्त्याला माणूस दिसत नाही. संध्याकाळी नातू मला टीव्हीपुढं बसवायचा. चेंडू बॅटला लागून मागं गेला तर चौकार का देत नाहीत, यावरून आमचं पंधरा दिवस भांडण चाललं. नंतर माझं लक्ष खेळावरून उडून एका म्हाताऱ्यावर बसलं. टेक्सास रेंजर्सचा मॅनेजर, ब्रूस बोची. डोकं एवढं मोठं की टोपीचा नंबर आठ पूर्णांक एक अष्टमांश. आपल्याकडं लग्नात आला असता तर फेटा बांधणाऱ्यानं जादा कापड मागितलं असतं.

बेसबॉलात मॅनेजरही खेळाडूंसारखा युनिफॉर्म घालून बसतो. आमच्या डीसी (विभाग नियंत्रक) साहेबांनी खाकी चढवून फलाटावर उभं राहावं तसं ते मला दिसायचं. पिचर बदलायचा झाला की मॅनेजर स्वतः चालत मैदानाच्या मध्यावर जातो, पिचर त्याच्या हातात चेंडू ठेवतो आणि निघतो. एकदा निघाला की त्या मॅचला परत नाही. बोची ते चालणं असा काही सावकाश चालायचा की वाटायचं, गुडघ्यांचं काम झालंय. पण चेहऱ्यावर काही नाही. टीम जिंकतेय का हरतेय, तोंडाकडं बघून कळायचं नाही. मी नातवाला म्हटलं, ह्याची सगळी कुंडली काढ.

तर कुंडली अशी. जन्म १९५५, फ्रान्समधला, कारण बाप अमेरिकन लष्करात तिकडं नेमणुकीवर. १९७८ ते १९८७ मध्ये ह्यूस्टन, न्यूयॉर्क मेट्स आणि सॅन डिएगो अशा तीन टीमांकडून खेळला. खेळला म्हणजे काय, सगळ्या वर्षांच्या मिळून ३५८ मॅचेस, आणि तिकडं एकेका हंगामात मॅचेस असतात १६२. बाकी बेंचवर. जागा कॅचरची. मॅडम, हे मला लगेच पटलं. कॅचर म्हणजे कंडक्टर. ड्रायव्हरला पुढचा रस्ता दिसतो, गाडीत काय चाललंय ते कंडक्टरला. मैदानावर बाकी सगळे एका तोंडाला, हा एकटा उलट्या तोंडाचा, आणि पिचरचा हात दमला हे त्याच्या पंजाला सगळ्यात आधी कळतं.

खेळणं संपल्यावर चार वर्षं खालच्या लीगमध्ये गावोगावच्या टीमा सांभाळल्या. १९९५ ला सॅन डिएगो पाद्रेजचा मॅनेजर झाला. वय चाळीसच्या आत. १९९८ ला टीम अंतिम फेरीला नेली, तिथं न्यूयॉर्क यांकीजनी सलग चार मॅचेस हरवून घरी पाठवलं. बारा वर्षं तिथं काढून २००७ ला त्याच राज्यातल्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडं.

आता तुमच्या उंच पोराचं. जायंट्सनी बॅरी झिटो नावाचा पिचर घेतला होता, सात वर्षांचा करार, १२ कोटी ६० लाख डॉलर. आल्यावर त्याचा खेळ घसरला. २०१० ला टीम हंगामानंतरच्या मोठ्या फेऱ्यांत पोचली तेव्हा बोचीनं त्याला यादीतच घेतलं नाही. एका फेरीला नाही, तिन्ही फेऱ्यांना नाही. मालकानं एवढा पैसा ओतलेला माणूस बाकावरही नाही! तुमच्या समितीवाल्यांचा दाब याच्यापुढं काय लागतो? जायंट्स ते वर्ष जिंकले. १९५८ ला सॅन फ्रान्सिस्कोला आल्यापासूनची त्यांची पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे तीच अंतिम फेरी.

पण गंमत पुढं आहे. २०१२ ला सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्ध सात मॅचेसच्या फेरीत टीम तीन-एकनं मागं. आणखी एक हरले की खेळ खलास. त्या मॅचला बोचीनं चेंडू कुणाच्या हातात दिला? झिटोच्या. त्यानं सात इनिंग आणि वर दोन गडी (तीन गडी बाद की इनिंग संपते, मॅचच्या नऊ), एक रन दिला नाही. टीम ५–० जिंकली, मग पुढच्या दोन्ही. अंतिम फेरीची पहिली मॅचही झिटोलाच दिली, समोर डेट्रॉईटचा जस्टिन व्हर्लँडर, तेव्हा जगात भारी. तीही झिटो जिंकला, आणि डेट्रॉईट चार-शून्यनं साफ. त्याच वर्षी टिम लिन्सकम, २००८ आणि २००९ असे सलग दोन वर्षं लीगचा सर्वोत्तम पिचर ठरलेला गडी, हंगामभर मार खात होता. त्याला घरी बसवला नाही. मागं राखीव पिचरांत ठेवला, त्याला ते बुलपेन म्हणतात, आणि मधल्या इनिंगा त्याच्याकडून काढून घेतल्या. तिथं तो परत चालला.

आमच्यात असा एक ड्रायव्हर होता. घाटाचा राजा. केळघर घाट डोळे मिटून उतरवायचा म्हणा. एकदा मे महिन्याच्या गर्दीत तो रात्रीची मुंबई करून सकाळी आला आणि खिडकीशी येऊन म्हणाला, महाबळेश्वरची जादा गाडी मी नेतो. डोळे लालभडक. मी नाही म्हटलं. नाही म्हटलं ते बरोबरच, पण म्हटलं कुठं, तर खिडकीवर, दहा जणांदेखत, वर हसून. महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. त्याचं काही चुकलं नव्हतं, माझी जीभ चुकली होती. तुमच्या पोराला सांगायचं ते मैदानावर सांगू नका.

डावखुऱ्याचं सांगायचं तर २०१४ बघा. तिकडं मॅडिसन बमगार्नर म्हणून पिचर, तोही डावखुरा, पंचवीस वर्षांचा. कॅन्सस सिटीशी सात मॅचेसची अंतिम फेरी. पाचव्या मॅचला त्यानं पूर्ण नऊ इनिंग टाकल्या, ११७ पिच, म्हणजे फेकी, समोरच्यांना शून्य. मधे फक्त दोन दिवस गेले आणि सातवी मॅच आली. तिची सुरुवात दिली होती टिम हडसनला, वय ३९, उभ्या कारकिर्दीत पहिल्यांदाच अंतिम फेरीत आलेला. दुसऱ्या इनिंगमध्येच तो डगमगला. बोची चालत गेला आणि चेंडू काढून घेतला. एवढ्या मोठ्या माणसाला दुसऱ्याच इनिंगला! मग जेरेमी ॲफेल्टनं मधला पल्ला ओढला, आणि पाचव्या इनिंगपासून शेवटपर्यंत बमगार्नर. पाच इनिंग, ६८ पिच, ३–२ नं जिंकले.

आता हे वाचून तुम्ही म्हणाल, बघा, भारी गड्याला डबल ड्युटी लावली की जिंकतो. थांबा. ती वर्षातली शेवटची मॅच होती. दुसऱ्या दिवशी आगाराला कुलूप. आणि तो पंचवीस वर्षांचा पूर्ण वाढलेला माणूस, तुमचा नववीतला. आषाढीच्या जादा गाड्यांना लावतो ती ड्युटी कुणी बारा महिने लावत नाही.

बोची २०१९ ला निवृत्त झाला. तीन वर्ल्ड सिरीज. तेव्हाचा एकूण हिशोब नातवानं मला दाखवला: जिंकलेल्या २००३, हरलेल्या २०२९. मी म्हटलं, बाळा, आकडे उलटे वाचलेस. त्यानं परत दाखवलं. उलटे नव्हते. तीनदा जग जिंकलेला माणूस, हरलेल्या मॅचेस सव्वीस जादा. त्या रात्री मला झोप नाही, आणि ते जेट लॅगमुळं नव्हतं, तिकडं जाऊन दोन महिने झाले होते. कंट्रोलर म्हणून मीही उशिरा सुटलेल्या गाड्या मोजत बसलो असतो तर वेळेवरच्यांपेक्षा जास्त भरल्या असत्या, त्यातही निम्म्या खंबाटकीच्या नावावर.

तीन वर्षं घरी बसला. त्याला २०१५ ला दोन स्टेंट बसवलेले, (मला एक आहे), कुणालाही वाटावं आता बास. पण रेंजर्सचा जो मुख्य कारभारी, तो पूर्वी पाद्रेजमध्ये एक वर्ष याच्या हाताखाली पिचर होता. तो बोलवायला गेला. २०२२ च्या ऑक्टोबरात ६७ व्या वर्षी बोची परत कामावर. रेंजर्स त्या वर्षी ९४ मॅचेस हरले होते. पुढच्याच वर्षी, मी तिथं असताना, ९० जिंकल्या. ऑगस्टमध्ये सलग आठ हरले तेव्हा पोरगा म्हणाला, संपलं. मोठ्या फेरीत मात्र परगावच्या अकराच्या अकरा मॅचेस जिंकले. १ नोव्हेंबरला ॲरिझोनाला ५–० नं हरवून पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज घरी आणली. आणि शेवटचे सात गडी कुणाकडून काढून घेतले? जॉश स्बोर्झ नावाच्या पिचरकडून, ज्याचे वर्षभराचे आकडे बघून तुमच्या मुख्याध्यापकांनी त्याला पाणी आणायला ठेवला असता. २०१० ला बोचीनं अंतिम फेरीत हरवलेली टीम कुठली, माहितेय? हीच, टेक्सास रेंजर्स.

लांबलं. हिच्या गोळ्यांची वेळ झाली, उठतो.

टोमॅटोवाला (वाळवा)

कंट्रोलर काका, झकास. पण जरा विरोधी सूर लावतो. डबल ड्युटी, सावकाश चालणं, चेहरा दगडाचा, सगळं खरं, पण २०१६ सोडलंत. शिकागो कब्जविरुद्ध चौथी मॅच, जायंट्स ५–२ नं पुढे, फक्त नववी इनिंग बाकी. सुरुवातीचा मॅट मूर आठ इनिंग टाकून, १२० पिच करून बसलेला. त्या एका इनिंगमध्ये तुमच्या बोचीने पाच पिचर बदलले. पाच! चार रन गेले, ६–५ हरले, घरी. मैदानमाती, तुम्ही विचारलंत ना चुकला तेव्हा काय झालं, तर हे झालं.

मी बाल्टिमोरला दोन वर्षं शिकायला होतो, माझा माणूस अर्ल वीव्हर. मला वाटतं तो तुम्हाला जास्त जवळचा, कारण तो मोठ्या लीगमध्ये एकही मॅच खेळला नाही. खालच्या लीगमध्येच खेळून संपला. तुम्ही खो-खोच्या, तो कुठलाच नाही. तरी बाल्टिमोर ओरिओल्सचा मॅनेजर १९६८ ते १९८२, पुन्हा १९८५-८६. जिंकल्या १४८०, हरल्या १०६०. पूर्ण हंगामात हरलेल्या जास्त, असं एकदाच झालं, शेवटच्या वर्षी. अंपायरशी भांडून मैदानाबाहेर काढला गेला नव्वदहून जास्त वेळा, ते मात्र जिल्हा स्पर्धेत करू नका.

संगणक नव्हते तेव्हा हा गडी छोट्या कार्डांवर लिहून ठेवायचा, आपला कुठला बॅटर समोरच्या कुठल्या पिचरला किती मारतो. मग नाव कितीही मोठं असो, कार्ड सांगेल तो खेळणार. १९७१ ला त्याच्या चार वेगवेगळ्या पिचरांनी प्रत्येकी वीस-वीस मॅचेस जिंकल्या. चार बैल, एक नांगर. तुमच्याकडे एकच बैल आहे आणि त्यालाच तुम्ही तीन एकर नांगरायला लावलंत, राग मानू नका.

आणि हो, त्याच्यात आणि मैदान सांभाळणाऱ्यात टोमॅटोची पैज असायची. स्टेडियममध्येच, लेफ्ट फिल्डच्या रेषेबाहेर वाफा केलेला. हे वाचलं त्या दिवशी मी त्याचा भक्त झालो, बाकी आकडे नंतर.

निवृत्त_कंट्रोलर (सातारा)

वाळवेकर, २०१६ चं मुद्दाम सोडलं नव्हतं हो, त्या वर्षी मी बेसबॉलचं नावही ऐकलं नव्हतं. आता नातवाला फोन करून विचारलं. तो म्हणतो ते खरं आहे आणि आजोबा तुम्ही वाद घालू नका. बरं. पाच पिचर बदलणं म्हणजे गाडी बंद पडली म्हणून पाच ड्रायव्हर पाठवणं. माणूस घाबरला की असं करतो, आणि दगडाच्या चेहऱ्याचा माणूसही घाबरतो.

पण ते जिंकण्या-हरण्याच्या आकड्याचं सोडा. कॉनी मॅक म्हणून एक जुना मॅनेजर, फिलाडेल्फियाची एकच टीम सलग ५० वर्षं चालवली, १९०१ ते १९५०. युनिफॉर्म घालायचा नाही, सुटाबुटात बाकावर. पाच वेळा वर्ल्ड सिरीज. त्याआधीची दुसरी टीम धरून उभ्या कारकिर्दीत जिंकलेल्या ३७३१, हरलेल्या ३९४८. शेवटच्या हंगामाला वय ८७. हे ऐकून बायको म्हणाली, तुम्ही अठ्ठावन्नलाच सुटलात ते बरं झालं.

कार्डांचं मात्र पटलं. मॅडम, वही घाला. आमच्याकडं लॉगशीट असायची म्हणून वाद मिटायचे. समितीवाले बोलायला आले की तोंडानं बोलू नका, वही पुढं करा: तुमच्या पोरानं इतके वॉक दिले, त्यानं इतके.

हाडांची_भाषा (मिरज)

मी फिजिओ. मधेच घुसते, कारण मॅनेजरांच्या गोष्टींत कोपर राहून गेलं.

मैदानमाती, नववीतल्या मुलाचं हाड अजून वाढत असतं. कोपराच्या आतल्या बाजूला वाढीची कूर्चा असते, स्नायूपेक्षा ती कच्ची. दोन दिवसांत तीन मॅचेस म्हणजे तुम्ही नेमकी तिथेच ओढ दिलीत. दुखणं आतल्या बाजूला असेल आणि आठवड्यात गेलं नाही तर तेल-मालीश करत बसू नका, ऑर्थोपेडिकला दाखवा. मिरजेत डॉक्टरांची वाण नाही.

अमेरिकेत मेजर लीगने आणि त्यांच्या बेसबॉल संघटनेने मिळून वयाप्रमाणे पिचची मर्यादा ठरवून दिलीय. १५-१६ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ९५. पण महत्त्वाचं त्याच्या पुढचं आहे. ३० पर्यंत टाकल्या तर दुसऱ्या दिवशी चालतं. ३१ ते ४५ टाकल्या तर एक दिवस सुट्टी, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ७५ ला तीन, त्याच्या वर गेलं की चार. आणि पिचिंग केलेल्या मुलाला त्याच मॅचमध्ये कॅचर करायचं नाही, कारण तिथेही फेक चालूच राहते.

तुमच्या स्पर्धेच्या वेळापत्रकात हे बसणार नाही. म्हणूनच दुसरा, तिसरा पिचर लागतो, तोडकामोडका का असेना.

गल्लीतला_सचिन (सांगली)

ताई, ९५ म्हणजे जवळजवळ सोळा ओव्हर. आमच्या मंडळाच्या स्पर्धेत एकच पोरगा दोन्ही टोकांनी टाकतो असं समजा. आता मी गप्प बसतो.

मैदानमाती (तासगाव तालुका)

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, मधे परीक्षा होत्या.

कोपर दाखवलं. सूज होती, बाकी काही नाही, तीन आठवडे फेकणं बंद होतं. त्या तीन आठवड्यांत मी तोडकेमोडके शोधले. एक आठवीतला सापडला, वेग काहीच नाही, पण चेंडू पडतो तिथेच पडतो. कॅचर म्हणतो मॅडम ह्याचा चेंडू झोपेत धरीन. काका, कॅचरलाच विचारत जा हे तुमच्या पोस्टवरून उचललं. आता दर इनिंगनंतर मी त्याला एकच विचारते, पंजाला काय वाटतंय.

उंचाशी बोलले. शाळा सुटल्यावर, पाण्याच्या टाकीमागे लिंबाखाली, कुणी नसताना. झिटोची गोष्ट सांगितली. बोचीचं नाव त्याच्या डोक्यात राहिलं नाही, पण १२ कोटी ६० लाख डॉलर बरोबर राहिले. रुपयात किती होतात ते त्याने तिथेच बोटांवर काढायला घेतलं. मग म्हणाला, म्हणजे मी यादीत नाही? मी म्हटलं यादीत आहेस, सुरुवातीला नाहीस, शेवटच्या दोन इनिंग तुझ्या. गप्प झाला. चार दिवस सरावाला आला नाही. पाचव्या दिवशी आला आणि विचारलं, तोपर्यंत मी काय करू?

मी पिच मोजायला सांगितलं. कागद-पेन देऊन बघितलं, खेळ बघायच्या नादात विसरतो. मग त्याच्या उजव्या खिशात चिंचोके भरले. डावखुऱ्याने एक पिच टाकली की एक चिंचोका उजव्यातून डाव्या खिशात.

वडील वही बघून गेले. काही बोलले नाहीत. चांगलं की वाईट, माहीत नाही.

शनिवारी शेजारच्या गावाच्या टीमशी सरावाची मॅच आहे. किती चिंचोके देऊ?

निवृत्त_कंट्रोलर (सातारा)

पंच्याण्णव देऊ नका. आजारातून उठलेली गाडी लांबच्या रूटला लावत नाहीत. साठ मोजून द्या. खिसा हलका झाला की उंच स्वतःच तुमच्याकडं बघायला लागेल, आणि तुम्हाला पुढं होऊन चेंडू काढून घ्यायची हिंमत येईल. जाताना सावकाश चाला. पळत गेलात तर पोराला वाटतं आपलं काहीतरी चुकलं.

आणि मास्कमधला टॉवेल ओला करून पिळून घाला, घसरत नाही. डोकं मोठं असणाऱ्यांची चैन आहे.

मैदानमाती (तासगाव तालुका)

काका, साठच दिले होते. डावखुऱ्याला पाचव्या इनिंगला काढलं, सावकाश चालत गेले, आठवीतल्याने मधलं ओढलं, शेवटच्या दोन उंचाने टाकल्या. तीन वॉक दिले, पण जिंकलो, एका रनने.

मॅच संपल्यावर उंचाच्या उजव्या खिशात सहाच चिंचोके निघाले. म्हणजे चोपन्न पिच. माझ्या वहीत मात्र एकावन्न. दोघांनी बसून दोनदा ताळा केला, जुळेना. शेवटी डावा खिसा उलटा केला तर आत एकावन्नच. तीन भाजके होते म्हणे, खाल्ले.

म्हणजे दोन दिवस सुट्टी. सोमवारी त्याला फेकायला देत नाही.